लिफ्ट बंद आहे, जिन्याचा वापर करा

मिस्त्रीला राग आला तो एका मंगळवारी सकाळी, नगरपालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर. तोवर त्याला कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. बंद दाराआड अडकलेल्या, घामाघूम झालेल्या लोकांशी बाहेरून बोलत राहायचं, "काही होत नाही, आलोच मी," म्हणत म्हणत दार उघडायचं, हे त्याचं काम. त्या कामानं त्याचा आवाज कायमचा खाली बसला होता. बायको म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायला घेतलं की आपलाच घसा सुकतो."

त्या मंगळवारी तो ताईला घेऊन पालिकेत गेला होता. ताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. तरी एकतीस वर्षं तिनं चाकाच्या खुर्चीत बसून पालिकेच्या मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली, आणि अशी शिकवली की आज नातवंडं झालेल्या बायकाही तिला रस्त्यात पाहिलं की पाठ ताठ करत. निवृत्तीनंतर दरवर्षी एकदा तिला पालिकेत येऊन आपण जिवंत आहोत हे सही करून सांगावं लागे. नाही सांगितलं तर पेन्शन बंद. आणि ही हयातीची खिडकी होती तिसऱ्या मजल्यावर.

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला कागद चिकटवलेला होता. 'लिफ्ट बंद आहे, जिन्याचा वापर करा.' तीन वर्षांत त्याचा रंग चहात बुडवल्यासारखा झाला होता आणि खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'जमत नसेल तर मरा.'

आधीची दोन वर्षं मिस्त्रीनं ताईला पाठीवर घेऊन वर नेलं होतं. त्यात त्या दोघांना नवं काही नव्हतं. लहानपणी त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. वडील मालट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आईला दम्यानं चार पायऱ्या चढवत नसत. ताईला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा हा चौदा वर्षांचा. रोज सकाळी अडतीस पायऱ्या तिला पाठीवर घेऊन खाली, संध्याकाळी अडतीस पायऱ्या वर. सोळाव्या वर्षी त्यानं गावातल्या इस्पितळात लिफ्ट बसवताना पाहिली. दुपारभर तिथंच उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सोडून त्या कारागिरांच्या हाताखाली लागला. शाळा सोडली म्हणून ताईनं दोन महिने अबोला धरला. रोज त्याच्या पाठीवर बसायचं, गळ्यात हात टाकायचे आणि एक अक्षर बोलायचं नाही. हे फक्त ताईलाच जमावं.

पण गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायला मनाई केली. त्यामुळे त्या मंगळवारी रांगेतले तीन भले लोक पुढे आले, त्यांनी ताईसकट खुर्ची उचलली आणि मिस्त्री मागून "सावकाश, डावीकडे, सावकाश" करत चढू लागला. दुसरा मजला झाला. वळणावर एकाच्या हातात खुर्चीचा दांडा निखळून आला.

ताई चार पायऱ्या खाली गेली. कपाळ फुटलं. उजवं मनगट तिच्याच अंगाखाली सापडलं आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाठोपाठ आलेली खुर्ची मिस्त्रीनं अंगावर झेलली. ताई ओरडली नाही. ओठ दाबून पडून राहिली आणि डाव्या हातानं कपडे सारखे करत राहिली, कारण जिन्यावर वरखाली पंचवीस माणसं उभी होती.

तेवढ्यात वरून हयातीच्या खिडकीवरच्या बाईंनी कठड्यावरून डोकावून पाहिलं. "पडल्या का?" त्यांनी विचारलं. मग घड्याळ बघून म्हणाल्या, "बाराला खिडकी बंद होते हं. नंतर आलात तर पुढच्या मंगळवारी."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या वाक्यानं.

* * *

इस्पितळात ताईच्या हाताला प्लास्टर बांधून झालं आणि मिस्त्री तडक नगराध्यक्षांकडे गेला. नगराध्यक्ष माणूस गोड. दहा वर्षं खुर्चीवर होते आणि ह्या दहा वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला 'बघतो' म्हणायचे. गाव त्यांना मागं 'बघतोसाहेब' म्हणे आणि पुढं मत देई.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "लिफ्टचं बघतो मी."

"तीन वर्षं बघताय. काय दिसलं?"

साहेबांना हा सूर नवा होता. त्यांनी चष्मा काढला. "ठेका दिलेला आहे, मिस्त्री. ठेकेदाराकडून सामान यायचंय."

"सामान मी आणतो. हातही माझे. दोन आठवड्यांत चालू करतो, फुकट. फक्त किल्ली द्या."

"असं नियमात बसत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"आज झालं. आज जबाबदार कोण?"

साहेब थोडं हसले. समजूत घालणारं हसू. "हे बघा, ताईंसारख्या लोकांनी घरातल्या कुणाला तरी पाठवावं ना. कशाला त्रास?"

"हयातीच्या दाखल्याला?" मिस्त्रीचा बसका आवाज पहिल्यांदाच चढला. बाहेर बसलेल्या शिपाईकाकांनी आत डोकावलं. "तिच्या वतीनं मी जाऊन सांगू, की मी जिवंत आहे, म्हणून तीही आहे?"

"एवढं सोपं वाटत असेल तर तुम्हीच बसा की ह्या खुर्चीवर," साहेब म्हणाले. तेही आता चिडले होते. "दोन महिन्यांवर निवडणूक आहे."

"बसतो," मिस्त्री म्हणाला.

जिना उतरताना त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. पण शब्द मागं घ्यावा असं एकाही पायरीवर वाटलं नाही.

बायकोनं ऐकलं तेव्हा ती तिच्या पार्लरमध्ये एका बाईचे केस धूत होती. तिनं नळ बंद केला. "तुम्ही? भाषण करणार? लग्नात स्वतःचं नाव सांगताना अडखळला होतात."

"राग आलाय मला."

"राग मलाही येतो. मी निवडणुका लढवत फिरते का?" पण केसांना साबण लावलेली बाई डोळे मिटूनच म्हणाली, "माझ्या सासूबाईंना मागल्या वर्षी आम्ही चादरीत घालून नेलं होतं वर." नळ पुन्हा सुरू झाला.

ताईची गोष्ट वेगळी. कपाळावर सात टाके, हात गळ्यात, आणि जिभेची धार तशीच. "दोघांपैकी एकालाच उभं राहता येतं, तेव्हा तू राहा," ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. मग हसू आवरलं. "पण एक अट. माझ्या नावानं मतं मागायची नाहीत. जिन्यावरून पडलेली बाई म्हणून मी गावभर फिरणार नाही. माझा फोटो नको, माझं पडणं नको. कबूल?"

"ताई, पण सगळं त्याच्यामुळंच तर..."

"तुझा राग तुझा. माझं पडणं माझं. कबूल?"

त्यानं मान हलवली. ती अट त्याला किती महागात पडणार होती, हे त्या वेळी दोघांनाही ठाऊक नव्हतं.

* * *

अर्ज भरायचं कार्यालयही तिसऱ्याच मजल्यावर निघालं. उमेदवाराला एक सूचक लागतो, आणि सूचकानं अधिकाऱ्यासमोर सही करायची असते. मिस्त्रीची सूचक ताई होती. आठ दिवस डाव्या हातानं सही गिरवून तिनं ती बसवली होती.

शेवटच्या दिवशी दीड वाजता ती जिन्याच्या तळाशी खुर्ची लावून बसली. दोघं-तिघं उचलायला पुढे आले. "हात लावायचा नाही," ती म्हणाली. वर्गातला आवाज. सगळे मागं सरले. तिनं शिपाईकाकांबरोबर वर चिठ्ठी पाठवली: 'सूचकाने अधिकाऱ्यासमोर सही करावी असा नियम आहे. कोणत्या मजल्यावर, ते लिहिलेले नाही. मी तळमजल्यावर आहे. आपण यावे.'

दोन वाजले. अडीच वाजले. तीनला मुदत संपणार होती. मिस्त्री तीनदा वर जाऊन आला. दर वेळी अधिकारी म्हणे, कार्यालय सोडता येत नाही. इतर कामांसाठी आलेली म्हातारी माणसं चढायचं थांबून ताईभोवती गोळा झाली होती. कुणी काठीवर, कुणी भिंतीला टेकून. एक निवृत्त टपालवाला वरच्या दिशेनं ओरडला, "अहो, या की खाली! पाय आहेत ना तुम्हाला?" मग सगळेच ओरडू लागले. तीन मजल्यांच्या त्या पोकळीत तो गलका असा घुमला की वरच्या खोल्यांची दारं भराभर उघडली.

तीनला दहा कमी असताना अधिकारी नोंदवही काखेत मारून खाली आला. कान लाल झाले होते. ताईनं डाव्या हातानं सही केली, वाकडी पण पुरी. "आता ह्यांचं काय?" तिनं भोवतीच्या माणसांकडे बोट केलं. "ते माझ्याकडे नाही," अधिकारी म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावात कळलं की मिस्त्री उभा आहे.

* * *

मिस्त्रीला भाषण जमत नव्हतं, हे बायकोचं बोलणं खरंच ठरलं. पण त्याला दारावर बोलता येत होतं. गावातल्या ज्या ज्या इमारतीत लिफ्ट होती, तिथं लोक त्याला ओळखत होते; निदान आवाजानं तरी. तो मजल्यामजल्यावर जायचा, बेल वाजवायचा आणि म्हणायचा, "मी लिफ्टवाला. पालिकेची तीन वर्षं बंद आहे. मला त्याचा राग आलाय. तुम्हाला कशाचा येतो?"

लोकांना कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. ते बोलायला लागले की थांबेनात. एका गल्लीत दिवे नव्हते, विचारलं की 'बघतो'. शाळेच्या मागची भिंत कललेली, 'बघतो'. एका बाईनं नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यातली नावाची चूक दुरुस्त करायला अकरा खेपा घातल्या होत्या. ती बोलता बोलता रडली नाही, तिनं दारातली चप्पल उचलून भिंतीवर हाणली. मिस्त्री घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगात त्या सगळ्यांचा राग भरलेला असायचा. जेवताना घास तोंडाशी तसाच राहायचा. "अहो, जेवा," बायको म्हणायची. ती स्वतः पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक डोक्याला तेल चोळता चोळता प्रचार करत होती. त्या खुर्चीतून उठून जाणं कुणाला शक्य नसायचं.

मतदानाला नऊ दिवस उरले आणि पालिकेची लिफ्ट सुरू झाली.

सकाळी फीत कापली, फोटो काढले. बघतोसाहेब पहिल्या फेरीत चार वृद्धांना घेऊन वर गेले, तेव्हा टाळ्या पडल्या. रस्त्यात लोक मिस्त्रीचे हात हातात घेऊ लागले. "तुमच्यामुळं झालं हो! जिंकलात!" काहींनी सरळ विचारलं, "आता काय, अर्ज मागं घेणार ना?"

मिस्त्री तिसऱ्या फेरीत आत शिरला. दार लागलं, लिफ्ट निघाली आणि त्याच्या कानांनी काम सुरू केलं. दुसऱ्या मजल्याच्या थोडं वर एक बारीक हिसका बसला. बाकी कुणाला कळला नाही. वर पोचताच तो शिपाईकाकांना शोधत निघाला.

दुपारी शिपाईकाकांनी त्याला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली दिली. "मी दिली म्हणून सांगू नका," ते म्हणाले, आणि स्वतःच बरोबर आले. मिस्त्रीनं बॅटरी लावली. दोर तेच होते, जुनेच, वरून काळं ग्रीस थापलेलं. त्यानं फडक्यानं ग्रीस पुसलं तर तुटलेल्या तारा काट्यांसारख्या बाहेर आल्या, आणि फडकं त्यांत अडकून फाटलं. पण खरं पुढंच होतं. लिफ्ट वेगानं खाली येऊ लागली तर तिला जागच्या जागी जखडून धरणारी एक यंत्रणा असते. ती गंजून बसली होती. तिच्यामुळे लिफ्ट चालू होईना म्हणून कुणीतरी वायरीचा तुकडा लावून तिला कामातूनच काढलं होतं.

"म्हणजे काय?" शिपाईकाकांनी विचारलं.

"म्हणजे दोर तुटले तर धरायला काही नाही. भरलेली लिफ्ट सरळ तळाला."

त्यानं मुख्य खटका खाली ओढला, स्वतःच्या पिशवीतलं कुलूप त्याला घातलं आणि सरकारी लिफ्ट-निरीक्षकाला फोन लावला. निरीक्षकाच्या कचेरीतून उत्तर आलं की साहेब दौऱ्यावर आहेत, दहा-बारा दिवसांत येतील.

खाली उतरेपर्यंत बोंब झाली होती.

तळमजल्यावर बघतोसाहेब उभे होते, भोवती पन्नास माणसं. "बघा!" ते दुःखी आवाजात म्हणाले. "मी सुरू केली, ह्यांनी बंद केली. मतांसाठी."

मिस्त्री दोरांबद्दल सांगू लागला, पण कोण ऐकतंय? त्यांच्यातली एक म्हातारी पुढं आली. अर्जाच्या दिवशी ताईशेजारी उभी राहून ओरडली होती, तीच. आता तिनं मिस्त्रीच्या छातीवर बोट टोचलं. "तीन वर्षांनी आज सुखानं वर जाणार होते मी. तुझ्या मतांपायी माझे गुडघे? लाज वाटत नाही?"

बघतोसाहेबांचा त्याला इतका राग आला नव्हता जितका त्या क्षणी तिचा आला. लगेच त्याचं त्यालाच कसंतरी झालं, कारण तिचे पाय थरथरत होते. त्याला सांगायचं होतं, माझ्या घरी पण एक आहे, तिचं मनगट मी मोडताना ऐकलंय. ते ओठापर्यंत आलं. मग ताईला दिलेला शब्द आठवला आणि तो गर्दीतून वाट काढत बाहेर पडला.

संध्याकाळी पोलिसांनी सरकारी कामात अडथळा आणला म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदवला. कुलूप मात्र त्यानं काढून दिलं नाही. "फोडायचं तर फोडा," तो फौजदाराला म्हणाला, "पण फोडणाऱ्यानं पहिल्या फेरीत आत बसायचं, आणि तसं लिहून द्यायचं." कुलूप कुणीच फोडलं नाही.

* * *

मतदानाच्या तीन दिवस आधी शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बोलावलं होतं. बघतोसाहेब आधी बोलले, छान बोलले. शेवटी म्हणाले, "ह्यांना राग येतो, खरं आहे. पण रागानं गाव चालत नाही. ह्यांच्या स्वतःच्या बहिणीला जिन्याचा किती त्रास झाला, तुम्हाला ठाऊकच आहे. मी तिच्यासाठी लिफ्ट सुरू केली. ह्यांनी सख्ख्या बहिणीचाही विचार केला नाही."

मिस्त्री माइकसमोर उभा राहिला. सभागृह वाट बघत होतं. तो ताईबद्दल बोलू शकत नव्हता आणि त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"दोर..." तो म्हणाला. "दोर तुटलेले आहेत." मागून कुणीतरी हसलं.

तेव्हा पहिल्या रांगेच्या कडेनं आवाज आला. माइकची गरज नसलेला. "बहीण इथं बसली आहे," ताई म्हणाली. "तिच्याबद्दल बोलायचं तर आधी तिला विचारायचं. साहेब, लिफ्ट चांगली आहे?"

"अगदी," साहेब म्हणाले.

"मग उद्या सकाळी दहाला माझा भाऊ कुलूप काढेल. तुम्ही, तुमचे ठेकेदार आणि तुमच्या घरची चार माणसं. आत उभं राहायचं. वर, खाली, वीस फेऱ्या. मोजायला मी खाली बसते. येताय?"

साहेबांनी ठेकेदाराकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली होती.

"बघतो," साहेब म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. आधी कुठूनतरी एक हुंकार आला, मग सगळं सभागृह हसलं. पण ते हसू चांगलं नव्हतं. त्यात अकरा खेपांची ती बाई हसत होती, दिवे नसलेल्या गल्लीतले हसत होते, आणि हसता हसता त्यांचे चेहरे कठीण होत चालले होते. मिस्त्री मग बोलला. चार मिनिटं, फक्त तारा, दोर आणि गंज. कुणी खोकलंसुद्धा नाही.

* * *

तो हरला. एकशे एकोणीस मतांनी.

निकालानंतर चौथ्या दिवशी निरीक्षक आला, मशीनच्या खोलीत गेला आणि दहा मिनिटांत घाम पुसत बाहेर आला. अहवालात त्यानं लिहिलं की ही लिफ्ट चालवणं म्हणजे सदोष मनुष्यवधाची तयारी होती. ठेका रद्द झाला, गुन्हा मागं घेतला गेला. गुडघे दुखणारी म्हातारी एकदा पार्लरपर्यंत आली, दारातच उभी राहिली आणि मिस्त्रीच्या बायकोला म्हणाली, "त्याला सांग, मी मत त्याला दिलं नव्हतं. चुकलं माझं." आत मात्र आली नाही.

मिस्त्रीला वाटलं होतं, हे कळल्यावर आपल्याला बरं वाटेल. उलट झालं. लोक अभिनंदन करत होते आणि त्याचा जीव जळत होता. अहवाल आठ दिवस आधी आला असता तर! आणि तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी अजून तिसऱ्याच मजल्यावर होती. लिफ्ट नवी व्हायला अजून पाच महिने होते आणि दर मंगळवारी कुणी ना कुणी चादरीत, खुर्चीत, पाठीवर तो जिना चढत होतं.

नव्या पालिकेच्या पहिल्या सभेत नागरिकांना प्रश्न विचारायला अर्धा तास होता. सभागृहही तिसऱ्याच मजल्यावर. मिस्त्री पाठीला पट्टा बांधून चढला. मागून टपालवाला, अकरा खेपांची बाई, शाळेच्या सभेतले ते हसणारे, चाळीसेक माणसं. ताई घरीच होती. प्रश्न तिनं लिहून दिला होता, डाव्या हातानं. एकच ओळ होती.

"हयातीची खिडकी तळमजल्यावर कधी आणणार?" मिस्त्रीनं वाचलं.

बघतोसाहेबांचं तोंड उघडलं. त्यांनी समोरच्या चाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ते मिटलं. "सोमवारपर्यंत," ते म्हणाले.

सोमवारी एक टेबल, दोन खुर्च्या आणि शिक्क्यांची पेटी खाली आली. एवढंच लागत होतं. तीन वर्षं एवढंच लागत होतं, हे पाहून मिस्त्री तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, इतका मोठ्यानं ओरडला की खिडकीवरच्या बाई टेबलामागं उठून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं ना आता मनासारखं? गेला का राग?"

"नाही," तो म्हणाला. "उद्यापासून त्या शाळेच्या भिंतीचं बघायचंय. आणि पुढच्या वेळी एकशेवीस मतं जास्त लागतील."

बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पार्लरच्या वहीचं एक कोरं पान फाडून त्याच्यापुढं ठेवलं. "कुणाकुणाची, ते लिहा. आधी समोरच्या इमारतीतली. तिथल्या तिघींचे केस मीच कापते."